खिशातली करमणूक, खिशातलेच संकेतस्थळ

प्रतिनिधी, नवी मुंबई

पनवेलहून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला जाणारी हार्बर मार्गावरील लोकल सव्वा तासाहून अधिक वेळ घेते. जाण्यायेण्याचे मिळून अडीच तास होतात. या अडीच तासांवर एके काळी वर्तमानपत्र, पत्त्यांचा डाव आणि भजनी मंडळी यांचे राज्य होते. आता बहुतेकांच्या हाती स्मार्टफोन असतो. कुणी मालिकेचा चुकलेला भाग पाहतो, कुणी कानात इअरफोन घालून कादंबरी ऐकतो, तर वाशीतला एखादा क्लासचालक किंवा नेरूळमधला केटरर त्याच फोनवरून आपल्या संकेतस्थळावरचे दरपत्रक बदलत असतो. दोन्ही कामांसाठी ॲप्स भरपूर आहेत. अडचण आहे ती निवडीची.

ही निवड करताना ताऱ्यांची संख्या आणि जाहिराती यांपेक्षा एक प्रश्न अधिक उपयोगी पडतो: हे ॲप उद्या बंद झाले तर आपल्या हाती काय उरेल? हा प्रश्न काल्पनिक नाही. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने टिकटॉकसह ५९ ॲप्सवर बंदी घातली, तेव्हा ज्यांनी आपल्या चित्रफितींची प्रत स्वतःजवळ ठेवली नव्हती, त्यांचा प्रेक्षकवर्ग आणि केलेले काम दोन्ही एकदमच हातचे गेले. ‘रेसो’ हे गाण्यांचे ॲप जानेवारी २०२४ अखेर भारतात बंद झाले. एअरटेलने ‘विंक म्युझिक’ गुंडाळण्याचा निर्णय त्याच वर्षी जाहीर केला. करमणुकीच्या ॲपबाबत ‘काहीही उरणार नाही’ असे उत्तर आले तरी निभावते. गाणी दुसरीकडे मिळतात. ज्या संकेतस्थळावर पोट आहे, त्याच्या ॲपबाबत मात्र हे उत्तर परवडणारे नाही.

यंत्रे शेजारच्याच गावात

या विषयाशी नवी मुंबईचे नाते बरेच जुने आहे. कोपरखैरणे-घणसोली पट्ट्यातील धीरूभाई अंबानी नॉलेज सिटीतून रिलायन्स इन्फोकॉमची मोबाइल सेवा चालत असे. सन २००३ मधील ‘मान्सून हंगामा’ योजनेत ५०१ रुपयांत हाती पडणाऱ्या फोनमध्ये ‘आर वर्ल्ड’ नावाचा एक कप्पा होता. बातम्या, क्रिकेटचा धावफलक, रिंगटोन अशा गोष्टी त्यात मिळत. ‘ॲप’ हा शब्द रुळण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. पुढे ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओची सेवा सुरू झाली, तीही घणसोलीच्या रिलायन्स कॉर्पोरेट पार्कमधूनच, आणि डेटाचे दर इतके उतरले की गाडीत चित्रपट पाहणे ही चैन राहिली नाही.

ऐरोली, रबाळे, महापे या ठाणे-बेलापूर पट्ट्यातील जुन्या कारखान्यांच्या रांगेत आता डेटा सेंटरच्या बिनखिडक्यांच्या इमारती उभ्या आहेत. पनवेलजवळ योट्टा कंपनीचे ‘एनएम-१’ हे प्रचंड केंद्र सन २०२० मध्ये सुरू झाले. सीवूड्सला बसून पाहिलेला चित्रपट दहा-पंधरा किलोमीटरवरच्या एखाद्या यंत्रातून येत असण्याची शक्यता त्यामुळे बरीच आहे. अर्थात यंत्र शेजारी असले म्हणून त्यावरचा मजकूर आपल्या मालकीचा होत नाही.

पाहण्यासाठी

मराठी मालिकांचा प्रेक्षक मुख्यतः तीन ॲप्समध्ये विभागलेला आहे. झी मराठीच्या मालिका ‘झी फाइव्ह’वर, सोनी मराठीचे कार्यक्रम ‘सोनी लिव्ह’वर, आणि स्टार प्रवाह व कलर्स मराठी या दोन्ही वाहिन्यांचे कार्यक्रम ‘जिओहॉटस्टार’वर. हे तिसरे ॲप १४ फेब्रुवारी २०२५ रोजी ‘जिओसिनेमा’ आणि ‘डिस्ने प्लस हॉटस्टार’ यांच्या एकत्रीकरणातून आले. २ नोव्हेंबर २०२५ रोजी नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर भारतीय महिला संघाने दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून एकदिवसीय विश्वचषक प्रथमच जिंकला, तो सामनाही याच ॲपवर दाखविण्यात आला. मैदानापासून हाकेच्या अंतरावर राहून, तिकीट न मिळाल्याने, तो फोनवरच पाहावा लागलेले नवी मुंबईकर थोडे नसावेत.

तीनही ॲप्सचे वर्षाचे शुल्क भरणे बहुतेक घरांना अनावश्यक आहे. घरात प्रत्यक्ष कोणती वाहिनी पाहिली जाते, याचा आठवडाभर अंदाज घेतला तर एक किंवा दोन पुरतात. मोबाइल कंपनीच्या रिचार्जमध्ये यांपैकी एखादे ॲप आधीच समाविष्ट असते. ते न तपासता पुन्हा पैसे भरणारे पुष्कळ. परस्पर पैसे कापून जाण्याच्या बाबतीत एक गोष्ट ग्राहकाच्या बाजूची आहे. रिझर्व्ह बँकेच्या १ ऑक्टोबर २०२१ पासून लागू झालेल्या नियमांनुसार, कार्ड किंवा यूपीआयवरून आपोआप होणाऱ्या वर्गणीची सूचना पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी ग्राहकाला मिळायला हवी. हा संदेश येतो, पण तो वाचला जात नाही.

प्रसार भारतीचे ‘वेव्हज’ हे ॲप २० नोव्हेंबर २०२४ रोजी गोव्यातील आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात सादर झाले. दूरदर्शनचे जुने भांडार, थेट वाहिन्या आणि मराठीसह अनेक भारतीय भाषांतील कार्यक्रम त्यात आहेत. सह्याद्री वाहिनीवर वाढलेल्या पिढीने ते एकदा उघडून पाहण्यासारखे आहे. केवळ मराठीला वाहिलेले ‘प्लॅनेट मराठी’ सन २०२१ मध्ये आले, तेव्हा त्याचे मोठे स्वागत झाले होते. परंतु एकाच भाषेच्या बळावर असे ॲप चालविणे किती जड आहे, हे त्यानंतरच्या काळात मराठी चित्रपटसृष्टीच्या ध्यानात आले. आजही नवा मराठी चित्रपट शोधणाऱ्याला दोन-तीन ॲप्स धुंडाळावी लागतात.

फोनमध्ये आधीच असलेल्या चित्रफितींसाठी ‘व्हीएलसी’ पुरेसे आहे. ते विनामूल्य आहे, जाहिरातींविना चालते आणि बहुतेक सर्व प्रकारच्या फाइल उघडते. स्वतःच्या लग्नाची किंवा मुलाच्या स्नेहसंमेलनाची चित्रफीत पाहण्यासाठी कुणाच्या वर्गणीची गरज लागू नये.

ऐकण्यासाठी, वाचण्यासाठी

गर्दीच्या डब्यात फोन डोळ्यांसमोर धरणे शक्य नसते, तेव्हा ऐकण्याची ॲप्स खरी कामाला येतात. आकाशवाणीचे ‘न्यूज ऑन एअर’ हे यातले सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत उपयुक्त. विविध भारती, मुंबईची अस्मिता वाहिनी, त्याचप्रमाणे देशभरातील आकाशवाणी केंद्रे त्यावर थेट ऐकता येतात. पैसे लागत नाहीत. नोकरीसाठी कामोठ्यात स्थायिक झालेल्या कोल्हापूर-साताऱ्याकडच्या माणसाला आपल्या भागातले केंद्र ऐकता येते, हे त्याचे मोठेच आकर्षण आहे. बोलत्या पुस्तकांत ‘स्टोरीटेल’ने सन २०१७ पासून भारतात मराठीकडे विशेष लक्ष दिले आणि अनेक मराठी कादंबऱ्या प्रथमच कानांवाटे वाचकांपर्यंत पोहोचल्या. ‘कुकू एफएम’वरही मराठी विभाग आहे. मार्च २०२४ च्या आरंभी शुल्काच्या वादातून गुगलने काही भारतीय ॲप्स प्ले स्टोअरवरून काही दिवसांसाठी काढून टाकली, त्यांत हेही होते. म्हणजे चांगले चाललेले ॲपसुद्धा दुकानाच्या मालकाच्या मर्जीवर असते.

वाचनासाठी पुण्याच्या ‘बुकगंगा’चे ॲप आणि ‘किंडल’ हे दोन पर्याय आहेत. किंडलवर मराठी पुस्तके डिसेंबर २०१६ पासून मिळू लागली. गाण्यांच्या ॲप्सविषयी फारसे सांगण्याजोगे नाही. सर्वांचा साठा जवळपास सारखाच आहे आणि ज्याच्या रिचार्जबरोबर जे मिळते ते लोक वापरतात.

नाटकांच्या तिकिटांसाठी मात्र एक निराळे ॲप आवर्जून ठेवावे. अभिनेते प्रशांत दामले यांच्या पुढाकाराने आलेले ‘तिकिटालय’. वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहातील प्रयोगांचा माग ठेवणाऱ्या रसिकाला मराठी नाटके एका जागी पाहण्याची सोय त्यातून झाली. ‘बुकमायशो’ अर्थातच सर्वांच्या फोनमध्ये असते. सप्टेंबर २०२४ मध्ये नेरूळच्या कोल्डप्ले मैफलींची तिकिटे विक्रीस आली, त्या दिवशी त्यावर उसळलेली झुंबड आणि त्यानंतर इतरत्र मागितले गेलेले अव्वाच्या सव्वा दर अजून विस्मरणात गेलेले नाहीत. तेव्हापासून एक पथ्य रसिकांनी पाळावे: पैसे देऊन पुनर्विक्रीचे तिकीट अनोळखी संकेतस्थळावरून घेऊ नये.

फोनवरून संकेतस्थळ

आता विषयाचा दुसरा, अधिक गंभीर भाग. नवी मुंबईच्या प्रत्येक नोडमध्ये सेक्टरनिहाय दुकाने, दवाखाने, शिकवणीवर्ग, पाळणाघरे, डबेवाल्या गृहिणी आहेत. त्यांतील अनेकांनी गुगलच्या ‘बिझनेस प्रोफाइल’मधून मिळणारे विनामूल्य संकेतस्थळ तयार करून घेतले होते. पाच मिनिटांत ते तयार होई, आणि सर्व काम फोनवरून चाले. त्यासाठीचे ‘गुगल माय बिझनेस’ हे ॲप सन २०२२ मध्ये बंद झाले. त्यानंतर मार्च २०२४ मध्ये ती विनामूल्य संकेतस्थळेही बंद करण्यात आली. भेट देणाऱ्याला १० जून २०२४ पर्यंत दुकानाच्या प्रोफाइलकडे वळविले जात होते. नंतर तेही थांबले. ज्यांनी व्हिजिटिंग कार्डांवर, दुकानाच्या पाटीवर, रिक्षाच्या मागच्या जाहिरातीवर तो पत्ता छापला होता, त्यांचा तो पत्ता निरुपयोगी झाला. प्रोफाइल स्वतः शाबूत आहे आणि ते गुगल मॅप्सच्या ॲपमधून आजही सांभाळता येते: वेळा, सुटीचे दिवस, छायाचित्रे, ग्राहकांच्या अभिप्रायांना उत्तरे. दुकानदाराने एवढे नियमित केले तरी बराच लाभ होतो. पण पत्ता आपल्या नावाचा हवा, हा धडा या प्रकरणातून मिळाला.

आपल्या नावाचा पत्ता म्हणजे डोमेन. ‘डॉट इन’ किंवा ‘डॉट कॉम’ या अखेरीचे नाव वर्षाकाठी भाडे भरून घेता येते. ‘डॉट भारत’ या अखेरीची देवनागरी नावेही ऑगस्ट २०१४ पासून उपलब्ध आहेत, मात्र त्यांचा प्रसार फारसा झाला नाही. डोमेन विकणाऱ्या बहुतेक कंपन्यांचे स्वतःचे ॲप असते आणि त्यातून नूतनीकरण, पत्त्याची दिशा बदलणे ही कामे होतात. येथे पाहण्याची गोष्ट ॲपची नाही, तर नोंदणी कुणाच्या नावे आणि कुणाच्या ई-मेलवर आहे ही आहे. संकेतस्थळ करून देणाऱ्या मुलाने स्वतःच्या ई-मेलवर नोंदणी केलेली असते, तो नोकरीनिमित्त बंगळुरूला जातो, मुदत संपल्याची पत्रे त्याच्याकडे जातात आणि मालकाला कळते तेव्हा संकेतस्थळ दिसेनासे झालेले असते. मुदतीनंतर थोड्या दिवसांची सवलत मिळते. ती टळल्यास तेच नाव सोडविण्यासाठी जबर शुल्क भरावे लागते, किंवा ते दुसराच कुणी उचलतो.

मजकूर सांभाळण्यासाठी सर्वाधिक वापर ‘वर्डप्रेस’चा आहे. मे २००३ मध्ये सुरू झालेली ही मुक्त प्रणाली आज जगातील सुमारे ४० टक्क्यांहून अधिक संकेतस्थळांच्या मुळाशी आहे, आणि तिचे मराठी रूपही उपलब्ध आहे. तिची दोन ॲप्स आहेत, त्यामुळे गोंधळ होतो. ‘वर्डप्रेस’ या मूळ ॲपमध्ये लेख लिहिणे, पाने बदलणे, छायाचित्रे चढविणे ही मूलभूत कामे होतात. वाचकसंख्येची आकडेवारी, सूचना यांसारख्या सोयी सन २०२२-२३ च्या सुमारास ‘जेटपॅक’ या दुसऱ्या ॲपमध्ये हलविण्यात आल्या. केवळ दरपत्रक आणि सूचना बदलणाऱ्याला पहिले पुरते; रोज किती जण आले हे पाहण्याची सवय असलेल्याने दुसरे घ्यावे.

स्वतःच्या होस्टिंगवर वर्डप्रेस असेल तर ॲप जोडताना अनेकांचे घोडे अडते. याचे कारण बहुधा ‘एक्सएमएल-आरपीसी’ नावाचे जुने प्रवेशद्वार असते. पासवर्ड अंदाजाने फोडू पाहणारे याच दारावर धडका देतात, म्हणून होस्टिंग कंपन्या ते बंद ठेवतात. ते सरसकट उघडण्याचा सल्ला कुणी दिला तर तो मानू नये. डिसेंबर २०२० मधील ५.६ या आवृत्तीपासून वर्डप्रेसमध्ये ‘ॲप्लिकेशन पासवर्ड’ची सोय आहे. फोनमधील ॲपसाठी निराळा पासवर्ड तयार होतो आणि फोन हरवला तर तेवढाच रद्द करता येतो; मुख्य पासवर्ड सुरक्षित राहतो.

या ॲपच्या सेटिंग्जमध्ये दोन खुणा प्रारंभीच करून ठेवाव्यात. एक, छायाचित्रे चढविताना ती आकाराने लहान करण्याची. आजच्या फोनने काढलेले चित्र सहज तीन-चार एमबीचे असते, आणि अशा दहा चित्रांचे पान उघडायला मोबाइलवरच्या ग्राहकाला ताटकळावे लागते. दुसरी खूण छायाचित्रातील ठिकाणाची नोंद पुसण्याची. घरातून डबे किंवा दिवाळीचा फराळ विकणाऱ्या महिलेने स्वयंपाकघरात काढलेल्या चित्रात घराचे अक्षांश-रेखांश दडलेले असू शकतात, हे सहसा लक्षात येत नाही.

मराठी मजकुराचा प्रश्न आता पूर्वीइतका बिकट राहिलेला नाही. ‘जीबोर्ड’वर देवनागरी टंकलेखन होतेच, शिवाय ऑगस्ट २०१७ पासून गुगलने मराठी बोलून लिहिण्याची सोय दिली. जोडाक्षरांत आणि विशेषनामांत ते चुकते. ‘कोपरखैरणे’चे काय होईल ते सांगता येत नाही, म्हणून प्रसिद्ध करण्यापूर्वी एकदा वाचावे. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधील मजकूर मात्र फोनवर चिकटवला की अक्षरांचा नुसता खिचडा होतो. तो आधी संगणकावर युनिकोडमध्ये बदलून घ्यावा लागतो.

तयार साच्यावर दुकान मांडून देणाऱ्या ‘विक्स’ आणि ‘शॉपिफाय’ यांची ॲप्स वापरायला वर्डप्रेसपेक्षा निःसंशय सोपी आहेत. ऑर्डर आल्याची घंटी वाजते, माल संपल्याची नोंद होते. परंतु वर उल्लेखिलेला प्रश्न येथे विचारून पाहावा. शॉपिफायमधून मालाची यादी तक्त्याच्या रूपात बाहेर काढता येते. विक्सवर बांधलेले संपूर्ण संकेतस्थळ उचलून दुसऱ्या होस्टिंगवर नेता येत नाही. नव्याने बांधावे लागते. वर्डप्रेसचा मजकूर एका फाइलमध्ये उतरतो, मात्र त्या फाइलमध्ये छायाचित्रे स्वतः नसतात, त्यांचे केवळ पत्ते असतात. छायाचित्रांची प्रत निराळी ठेवावी लागते. अनेक जण ती एकच फाइल ‘बॅकअप’ समजून निर्धास्त राहतात.

देखरेखीसाठी ‘अपटाइम रोबोट’ सारखे ॲप चांगले. संकेतस्थळ चालू आहे की नाही हे ते ठरावीक अंतराने तपासते आणि बंद पडल्यास फोनवर कळविते. ग्राहकाने फोन करून सांगण्याआधी मालकाला कळलेले बरे. ‘गुगल ॲनालिटिक्स’चे ॲप वाचकसंख्या दाखविते, पण त्याचीही एक कथा आहे. त्याची जुनी पद्धत १ जुलै २०२३ रोजी थांबली आणि वर्षभराने, जुलै २०२४ पासून, जुनी आकडेवारीही काढून टाकण्यात आली. ज्यांनी ती वेळीच उतरवून घेतली नाही, त्यांचा कित्येक वर्षांचा हिशेब गेला. सर्व्हरशी थेट बोलणाऱ्या जाणकारांसाठी ‘टर्मियस’ आणि अँड्रॉइडवरील ‘कनेक्टबॉट’ ही ॲप्स आहेत. इतरांनी त्यांच्या वाटेला जाऊ नये.

फोन हरवला तर

संकेतस्थळाच्या चाव्या फोनमध्ये ठेवायच्या, तर फोन हरविण्याची तयारीही हवी. दुहेरी पडताळणीसाठी ‘गुगल ऑथेंटिकेटर’ हे ॲप सर्रास वापरले जाते. एप्रिल २०२३ पासून त्यातील नोंदी गुगल खात्यात साठविता येतात, म्हणून नव्या फोनवर त्या परत मिळतात. तरीही प्रत्येक सेवा देऊ करते ते राखीव संकेत कागदावर उतरवून घरच्या कपाटात ठेवणे हा उपाय जुनाट वाटला तरी खात्रीचा आहे.

व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका, वाहतूक दंडाची पावती किंवा बँकेची सूचना म्हणून येणारी ‘एपीके’ फाइल कधीही उघडू नये. पत्रिका म्हणजे चित्र किंवा पीडीएफ. तिच्यासाठी ॲप बसवावे लागत नाही. अशा फाइलमधून शिरलेले ॲप संदेश वाचू लागते, आणि मग बँकेचे ओटीपी व संकेतस्थळाचे पासवर्ड दोन्ही त्याच्या हाती जातात. राज्याच्या सायबर यंत्रणेचे केंद्र सन २०२४ पासून नवी मुंबईतच, महापे येथे आहे. परंतु पैसे गेल्यास प्रथम १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर दूरध्वनी करावा किंवा ‘सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन’ या संकेतस्थळावर तक्रार नोंदवावी. पैसे पुढच्या खात्यात वळण्यापूर्वी अडविता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच अधिक असते. तक्रार करताना बँकेचे नाव, व्यवहार क्रमांक, रक्कम आणि वेळ हाताशी असावी, आणि संशयित फाइल ज्या संदेशातून आली तो संदेश पुसून टाकू नये.